'क्षुल्लक कारणावरून' कुणी जात नाही

एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या बारावीच्या वर्गातल्या एका मुलाने दिवाळीच्या सुट्टीनंतर आयुष्य संपवलं. नातेवाईक म्हणतात मोबाईलमुळे, सहकारी म्हणतात नीटच्या ताणामुळे, गावात प्रेमप्रकरणाची कुजबुज आहे. खरं कारण कसं शोधायचं? उरलेल्या मुलांमध्ये कोण धोक्यात आहे हे सांगणारी एखादी चाचणी आहे का? आणि आता वर्गात उभं राहून बोलायचं तरी काय?

मॅडम, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. चोवीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात गेली. तुमचे हे तीन प्रश्न मी प्राचार्यांकडून, सरपंचांकडून, फौजदारांकडून आणि सगळ्यात जास्त वेळा आयांकडून ऐकले आहेत. उत्तर लांबणार आहे. यात येणाऱ्या रुग्णांचे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

कारणापासून सुरुवात करते. 'खरं कारण' शोधायचा प्रयत्न सोडून द्या, कारण तसं एक कारण तुम्हाला सापडणार नाही, आणि सापडल्यासारखं वाटलं तर ते कुणातरी एका माणसाच्या गळ्यात जाऊन पडेल. बहुधा आईच्या.

आपली वर्तमानपत्रं बघा. 'मोबाईल घेऊन न दिल्याने', 'आई रागावल्यामुळे', 'नापास होण्याच्या भीतीपोटी', 'जाचाला कंटाळून', आणि सगळ्यांत वाईट ते 'क्षुल्लक कारणावरून'. मराठीतल्या या 'ने', 'मुळे', 'पोटी' आणि 'वरून'ने फार नुकसान केलंय. एका प्रत्ययात सगळा गुंता मिटतो आणि वाचणारा म्हणतो, आजकालच्या मुलांना सहनशक्तीच नाही. माझ्यासमोर आजवर एकही मूल क्षुल्लक कारणावरून आलेलं नाही.

ही एककारणी गोष्ट तयार कशी होते तेही सांगते. मृत्यूनंतर काही तासांत पोलीस कर्मचारी जबाब घ्यायला येतो. घर सुन्न झालेलं असतं. कागदावर कारणाचा रकाना एकच. चुलते पुढे होऊन म्हणतात, "लिहा साहेब, पोटदुखीला कंटाळून." ग्रामीण महाराष्ट्रातल्या किती कागदांवर ही पोटदुखी आहे याची पोलिसांना, वकिलांना, आम्हा डॉक्टरांना, सगळ्यांना कल्पना आहे. पोटदुखी लिहिली की सासरच्यांची चौकशी होत नाही, कुणावर आळ येत नाही, धाकटीचं लग्न अडत नाही. हेच कागद तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि तिथून दिल्लीला जातात आणि एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाचा, वार्षिक अहवाल तयार होतो. २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात महाराष्ट्राच्या २२,७४६, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या तक्त्यात 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के आणि 'आजारपण' १८.४ टक्के. परीक्षेतलं अपयश जेमतेम एक टक्का. 'कौटुंबिक समस्या' ही तर अडगळीची ट्रंक आहे. दारू, मारहाण, हुंडा, कर्ज, जातीबाहेरचं प्रेम, वाटणीचा वाद, सगळं त्यात कोंबून वरून कडी लावलेली.

आता एका मुलाची फाईल उघडते. सतरा वर्षांचा, शहरात नीटच्या क्लासला ठेवलेला, सुट्टीत घरी आलेला असताना आमच्याकडे दाखल झाला. वाचला. केसपेपरवर नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत एका ओळीत होती: वडिलांनी मोबाईल काढून घेतला, त्या रागात केलं. पुढच्या चार बैठकांत जे बाहेर आलं ते असं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ९४ टक्के, गावात फ्लेक्स लागलेला. अकरावीला एकदम इंग्रजीतून फिजिक्स. क्लासच्या पहिल्या टेस्टपासून खालच्या बॅचमध्ये. दर रविवारी रँकलिस्ट पालकांच्या व्हॉट्सॲपवर. सोयाबीन दोन वर्षं हातचं गेलेलं, फी व्याजाने काढलेली, आणि ते व्याज किती हे त्याला पैशापर्यंत ठाऊक. पाच महिन्यांपासून पहाटे तीनला जाग यायची, जेवण तुटलेलं. मेसच्या मावशींनी ते पाहिलं होतं, पण सांगणार कुणाला? चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वी असाच गेलेला, घरात त्याचं नाव काढायची बंदी. वडील संध्याकाळी पितात. आणि मोबाईल? त्या मोबाईलवर तो रोज रात्री लग्न होऊन गेलेल्या मोठ्या बहिणीशी बोलायचा. दिवसभरात मोकळं बोलायचं तेवढं एकच माणूस. त्या रात्री ती दोरी तुटली आणि जे हाताला लागायला नको होतं ते ओसरीत ठेवलेलं होतं.

यातला मोबाईल काढून टाका. बाकी सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून 'मोबाईलमुळे' हे खोटंही नाही आणि खरंही नाही. नैराश्याचा आजार होता, तो उपचाराने बरा होणारा होता. त्याच्या आजूबाजूला भाषा, कर्ज, दारू, घरातला जुना मृत्यू आणि हाताशी असलेली वस्तू अशी पाच-सहा सूत्रं एकमेकांत गुंतलेली होती. सतराव्या वर्षी मेंदूत लगाम लावणारा भाग अजून पुरता पिकलेला नसतो. आवेग येतो तो पूर्ण ताकदीने, आणि 'उद्या हे असंच राहणार नाही' हे स्वतःला समजावणं तेव्हा जड जातं. यातलं कोणतंही एक सूत्र सैल झालं असतं तर कदाचित ती रात्र निघून गेली असती. मी या कामात टिकले ती याच एका वाक्यावर. गुंत्यात सूत्रं बरीच असतात, म्हणून हात घालायच्या जागाही बऱ्याच असतात.

इथेच हा प्रश्न माझ्या खोलीतून बाहेर पडून सार्वजनिक आरोग्याचा होतो. गावात डेंग्यू आला की आपण कोणत्या डासाने कुणाला चावलं याचा तपास करत बसत नाही. तापाच्या रुग्णाला सलाईन लावतो, आणि त्याच वेळी ग्रामपंचायत कोरडा दिवस पाळायला लावते, टाक्या रिकाम्या होतात, गटारात औषध पडतं. दोन्ही लागतं. तरुणांच्या आत्महत्यांबाबत आपण फक्त सलाईनचा विचार करतो, तोही रुग्ण दारात आला तर.

आणखी एक समज दूर करायला हवा. तरुण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विद्यार्थी येतो. कोटा, लातूर, आयआयटी. तुमचं काम विद्यार्थ्यांत आहे म्हणून त्यांच्याबद्दल बोलूच, पण आकडे बघा. २०२२मध्ये आत्महत्येने गेलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त, म्हणजे ५७ हजारांहून अधिक, १८ ते ३० वयोगटातले होते. सगळ्या वयांचे विद्यार्थी एकत्र धरले तरी १३,०४४. उरलेले कोण? रोजंदारीवर जाणारे, शिक्षण सुटलेले, भरतीसाठी पहाटे धावणारे, आणि लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या मुली. २०१२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास आला. त्यात पुरुषांच्या आत्महत्यांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ५६ टक्के १५ ते २९ या वयातल्या होत्या. निम्म्याहून जास्त बायका तिशीच्या आत. त्यांच्यासाठी कुठली हेडलाईन होत नाही, कारण त्यांचा निकाल लागायचा नसतो.

मी स्वतः एकीच्या बाबतीत चुकले आहे. सुरुवातीची वर्षं होती. एकोणीस वर्षांची मुलगी, लग्नाला सव्वा वर्ष झालेलं, वॉर्डात तिसरा दिवस. पायथ्याशी नवरा, उशाशी सासू, सासूच्या हातात स्टीलचा डबा. मी उभ्या उभ्या विचारलं, "आता कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बरं वाटतंय." मी 'सध्या आत्महत्येचे विचार नाहीत' असं लिहून सही केली. सहा आठवड्यांनी ती पुन्हा आली. तेव्हा मी सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि स्टूल घेऊन बसले. ती वीस मिनिटं काहीच बोलली नाही. मग तिने बाही वर केली. मारहाण पहिल्या महिन्यापासून होती, आणि मी तिला ज्या घरी 'बरं वाटतंय' म्हणून पाठवलं होतं तेच तिचं आजारपण होतं. तिला गोळ्यांनी थोडी झोप लागली. पण तिला वाचवलं ते घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने, माहेरच्या एका मामाने आणि पुढे सुरू झालेल्या नर्सिंगच्या कोर्सने. तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये नियम आहे: एकटीला विचारल्याशिवाय डिस्चार्ज नाही.

यावरून एक अवघड गोष्ट सांगते, माझ्याच क्षेत्रातल्या काहींना ती रुचत नाही. पाश्चात्य देशांतले अभ्यास सांगतात की आत्महत्येने गेलेल्या दहापैकी नऊ जणांना मानसिक आजार होता. आपल्याकडे तसं सरसकट दिसत नाही. वेल्लोरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या अभ्यासात ते प्रमाण निम्म्याहून बरंच खाली होतं. सततचा ताण, वेदना, घरातला कलह यांचं वजन जास्त होतं. म्हणजे देशातल्या प्रत्येक तालुक्याला उद्या मानसोपचारतज्ज्ञ मिळाला (मिळायलाच हवा) तरी काम अर्धंच होईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चाचणीचा. दर वर्षी कुणीतरी कंपनी महाविद्यालयांना असं काहीतरी विकायला येते: वीस प्रश्न, मोबाईलवर, शेवटी लाल-पिवळा-हिरवा. घेऊ नका. कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, लाखात बारा जण एका वर्षात या मार्गाने जातात. आणि समजा, तुमची चाचणी फार चांगली आहे, दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक. एक लाख मुलांना ती दिली तर बारापैकी दहा जण ती पकडेल. पण त्याच वेळी धोका नसलेल्या सुमारे वीस हजार मुलांवरही लाल शिक्का मारेल. दोन हजार लाल नावांमागे एक. आणि सुटलेल्या दोघांच्या पालकांना आपण 'हिरवा' म्हणून कळवलेलं असेल. प्रत्यक्षातल्या चाचण्या याहून कितीतरी कच्च्या आहेत. २०१७मध्ये गेल्या पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा आत्महत्येचं भाकीत नाणं उडवून सांगण्यापेक्षा किंचितच बरं निघालं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०२२मध्ये डॉक्टरांना स्पष्टच सांगितलं की कमी-मध्यम-जास्त धोका अशी वर्गवारी करू नका, त्यावरून कुणाला उपचार द्यायचे हे ठरवू नका. समोरच्याची गरज काय ते बघा.

दुसरं असं की ज्यांचा धोका मध्यम किंवा कमी दिसतो अशांची संख्याच इतकी प्रचंड असते, की जाणाऱ्यांतले बरेच जण त्या गर्दीतले असतात. ज्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे अशी मूठभर मुलं सोडून बाकीच्यांतले. जेफ्री रोज नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८०च्या दशकात हृदयविकाराबद्दल हे दाखवलं होतं: फक्त जास्त जोखमीच्या माणसांमागे धावून साथ कमी होत नाही, सगळ्या समाजाची पातळी थोडी खाली आणावी लागते. तुमच्या वर्गाला हे जसंच्या तसं लागू पडतं.

शाळांतला पुरावाही तेच सांगतो. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांतल्या अकरा हजारांहून अधिक मुलांवर एक प्रयोग झाला, २०१५मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन पद्धती ताडून पाहिल्या होत्या. एकीत शिक्षकांना धोका ओळखायचं प्रशिक्षण, दुसरीत चाचणी घेऊन तज्ज्ञांकडे पाठवणं, तिसरीत सगळ्या वर्गाला बसवून मुलांनीच ताण, भांडण, निराशा, मित्राला मदत यांवर बोलायचं, छोटे प्रसंग करून बघायचे. वर्षानंतर फरक दिसला तो फक्त तिसऱ्या गटात. नव्याने प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण तिथे ०.७० टक्के, आणि काहीच विशेष न केलेल्या गटात १.५१ टक्के. आपल्या सत्तर-ऐंशी मुलांच्या वर्गात ते तसंच्या तसं उतरेल असं मी म्हणणार नाही. पण मुलं आधी मुलांशी बोलतात, हे तर आपण रोज बघतो.

मग गावच्या, राज्याच्या पातळीवर 'कोरडा दिवस' म्हणजे काय? पहिली गोष्ट आपल्या भाषेतच दडलेली आहे. फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. औषध म्हणून ते घरात येतं, खाटेखाली, ओसरीत, कधी धान्याच्या कोठीशेजारी राहतं. टोकाचा क्षण पुष्कळांच्या बाबतीत काही मिनिटांचा असतो, फार तर काही तासांचा. त्या वेळात हाताशी काय आहे यावर जगणं-मरणं ठरतं. आणि जे त्या क्षणातून वाचतात त्यांच्यातले बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. लोक मला म्हणतात, ज्याला मरायचंय तो काहीतरी शोधेलच. श्रीलंकेने हे खोटं ठरवलं. तिथे १९९०च्या दशकाच्या मध्यात आत्महत्यांचं प्रमाण लाखात ५७च्या आसपास होतं. सरकारने सर्वांत घातक कीटकनाशकं एकामागून एक बाजारातून काढली. २०१५पर्यंत प्रमाण १७वर आलं. त्याच वर्षांत त्या देशाने यादवी युद्ध भोगलं, त्सुनामी सोसली. दुःख कमी झालं नव्हतं, विष कमी झालं होतं. आणि शेतीचं उत्पादन त्यामुळे घटलं नाही. आपल्याकडेही काही घातक रसायनांवर बंदी आली आहे, पण ती फार सावकाश, आणि कृषी खात्याच्या टेबलावर. आरोग्य खात्याने ती लढाई आपली मानली पाहिजे. तोवर घराघरांतून करायचं ते साधं: फवारणीचं सामान घरापासून लांब कुलपात आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे, आजी-आजोबांच्या गोळ्यांचे डबे कपाटात. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी त्याच संध्याकाळी घरी फोन लावून हे करायला सांगते, 'नंतर करू' असं चालू देत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या खात्यातली. महाराष्ट्रात २०१५पासून दहावीच्या नापास मुलांची फेरपरीक्षा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये व्हायला लागली, म्हणजे वर्ष वाया जाणं थांबलं. तमिळनाडूनेही तातडीच्या पुरवणी परीक्षेची वाट आधी धरली होती. आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या चेन्नईच्या 'स्नेहा' या संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी त्याचा आग्रह धरला होता. हा मानसोपचार नाही, बोर्डाचं वेळापत्रक आहे. तरी माझ्या हिशेबी ते अनेक समुपदेशकांच्या तोडीचं काम करतं, कारण 'सगळं संपलं' या वाक्याला ते एका तारखेने उत्तर देतं. रविवारची रँकलिस्ट पालकांच्या ग्रुपवर न टाकणं हेही त्याच जातीचं काम आहे, आणि त्याला शासन निर्णय लागत नाही.

पैसा हेही औषध आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांच्या खात्यात थेट रक्कम जायला लागल्यावर आत्महत्यांमध्ये सुमारे १८ टक्के घट झाल्याचं एका अभ्यासाने दाखवलं. कर्जाच्या चिंतेत बुडालेल्या घरातल्या मुलाला 'पॉझिटिव्ह विचार कर' सांगायच्या आधी मला नेहमी हा आकडा आठवतो.

बातम्यांबद्दल एकच. व्हिएन्नात १९८०च्या दशकात मेट्रोमधल्या आत्महत्यांच्या रंगवून दिलेल्या बातम्या १९८७मध्ये पत्रकारांनी ठरवून बंद केल्या, आणि तिथले मृत्यू झपाट्याने खाली आले. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९मध्ये अशी तत्त्वं स्वीकारली आहेत: पद्धत सांगू नका, चिठ्ठी छापू नका, मथळ्यात उठाव देऊ नका, मदतीचा क्रमांक द्या. तुमच्या गावच्या वार्ताहराला आणि त्याहून जास्त तुमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हे सांगा. त्या मुलाचा फोटो, शेवटचं स्टेटस, हळहळीच्या कविता, सगळं थांबवा.

कायदा आणि धोरण कागदावर बरंच पुढे आलंय. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आणि सरकारवर तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी टाकली. जुलै २०२४मध्ये भारतीय न्याय संहिता आली तेव्हा जुन्या दंड संहितेतला, आत्महत्येच्या प्रयत्नासाठीचा ३०९ कलमाचा सरसकट गुन्हाही गेला. तरी आजही नातेवाईक केसपेपरवर 'चुकून घेतलं' लिहायची विनंती करतात, आणि काही डॉक्टर ती मान्य करतात. मग त्या मुलाची मानसोपचार विभागाशी गाठच पडत नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आलं, २०३०पर्यंत मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट घेऊन. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमणं बंधनकारक केलं. तो नेमाच. पण त्याच्या खोलीबाहेर बोर्ड लावला आणि आपली जबाबदारी संपली असं करू नका. जिथे बोलवलेल्या मुलाला सगळा कॉरिडॉर वळून बघतो, तिथे मुलं जात नाहीत.

ज्यांचा धोका खरोखर जास्त आहे असा एक गट मात्र चाचणीशिवायच ओळखता येतो: ज्यांनी एकदा प्रयत्न केलाय. वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे आठवडे सर्वांत नाजूक, आणि नेमके तेव्हाच आपण त्यांना सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, एक अगदी स्वस्त उपाय करून पाहिला. निघताना तासभर नीट बोलायचं आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा संपर्क करायचा. दीड वर्षानंतर या गटात आत्महत्येने ०.२ टक्के गेले, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. हे वाचल्यावर आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी लांब दोनशे पानी वही घातली. पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा. मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. प्रत्येक नावापुढे नऊ चौकोन. फोनवर त्या फार काही विचारायच्या नाहीत. जेवलास का, झोप लागते का, कामावर जातोस का. पुष्कळदा फोन शेजारचा असायचा, नंबर बदललेला असायचा, मग आशाताईला निरोप. एकदा एका मुलीने त्यांना सुनावलं, "सिस्टर, दुपारी नका करू फोन, मी दुकानात असते. रात्री करा." तो चौकोन सिस्टरांनी लाल पेनाने भरला.

आता तुमचा वर्ग. कुणी गेल्यानंतर त्याच्या जवळच्या मुलांचा धोका काही काळ वाढतो, म्हणून पुढचे आठवडे महत्त्वाचे आहेत. मोठी शोकसभा, पुतळ्यासारखा हार घातलेला फोटो, त्याच्या नावाने बक्षीस हे नको. आणि 'या विषयावर बोलायचं नाही' असा फतवाही नको. पहिल्याच तासाला साधेपणाने सांगा: तो गेला, आपल्याला वाईट वाटतंय, कुणाला राग आला असेल, कुणाला अपराधी वाटत असेल, कुणाला काहीच वाटत नसेल, तेही चालतं. कसा गेला याचे तपशील देऊ नका. का गेला विचारलं तर म्हणा, अशा गोष्टीला एकच कारण नसतं, आणि तो ज्या वेदनेत होता तिच्यावर मदत मिळू शकते. त्याला शूर म्हणू नका, भ्याडही म्हणू नका. बाक लगेच दुसऱ्याला देऊ नका, महिनोन्महिने फुलं ठेवून रिकामाही ठेवू नका. काही दिवसांनी मुलांना विचारून जागा बदला.

'मी नसलो तरी काय फरक पडतो', 'सगळ्यांना ओझं झालोय' असं कुणी बोललं, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, किंवा बरेच दिवस अस्वस्थ असलेला मुलगा अचानक शांत झाला, तर बाजूला घेऊन सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हे तपासलं गेलं. ज्यांना थेट विचारलं त्यांचा त्रास वाढला नाही, आधीपासून खचलेल्यांना तर थोडं हलकं वाटलं. शब्द असे वापरा: "इतकं असह्य झालंय का, की जगूच नये असं वाटतं?" 'हो' आलं तर पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. 'आई-बापाचा विचार कर' हे वाक्य गिळा. तो त्यांचाच विचार करून थकलेला असतो. शपथ घालून गुपित ठेवायचं वचन देऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या एका समजूतदार माणसाला बोलवा, घातक वस्तू घरातून हलवायला सांगा, आणि त्याच दिवशी डॉक्टरची वेळ घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन. हे नंबर नोटीस बोर्डाऐवजी हॉलतिकिटाच्या मागे छापा, ते मुलांच्या खिशात असतं. आणि मॅडम, हे वाचताना तुमचं स्वतःचंच मन हलत असेल तर तुम्हीही तोच नंबर फिरवा. त्यावर वयाची अट नाही.

एक मुलगा या सगळ्यात नेहमी राहून जातो. आई-वडिलांना भेटायला लोक येतात, वर्गाशी शिक्षक बोलतात. रूमपार्टनर मात्र दोन दिवस पोलिसांना जबाब देतो, मग सामान उचलून दुसऱ्या खोलीत जातो किंवा गावी निघून जातो. त्या रात्री तो क्लासवरून उशिरा आला होता, किंवा झोपला होता, किंवा त्यांचं दुपारी भांडण झालं होतं. तो ते कुणालाच सांगत नाही. त्याचा नंबर तुमच्याकडे आहे का ते आज बघा. या आठवड्यात एकदा फोन करा, मग पुढच्या आठवड्यात, मग परीक्षेच्या आधी, निकालाच्या दिवशी, आणि पुढच्या दिवाळीनंतर, जेव्हा ती तारीख पुन्हा येईल. जेवलास का, एवढं विचारलं तरी पुरे.